पावले मोजणारी चटई

'एका हौदाला दोन नळ आहेत. एका नळाने पाणी आत येते, दुसऱ्याने बाहेर जाते. दोन्ही नळ एकदम चालू केले तर हौद किती वेळात भरेल?' हे गणित शिकवले नाही असा शिक्षक आणि सोडवताना कंटाळला नाही असा विद्यार्थी सापडणे कठीण. दोन्ही नळ एकदम चालू ठेवणारा हा माणूस आहे तरी कोण, असा प्रश्नही वर्गातल्या एखाद्या चुणचुणीत मुलाने विचारलेला असतो.

असा हौद खरोखरच आहे. सिंहस्थाच्या पर्वणीला नाशिकचे रामकुंड हा असाच एक हौद होतो. त्यात पाण्याऐवजी माणसे असतात. एका वाटेने भाविक घाटावर येतात, स्नान करतात आणि दुसऱ्या वाटेने बाहेर पडतात. येणारे जास्त आणि जाणारे कमी झाले की हौद भरू लागतो. पाण्याचा हौद भरला तर पाणी सांडते. माणसांचा हौद भरला तर काय होते ते नाशिकने २७ ऑगस्ट २००३ रोजी पाहिले. त्या दिवशीच्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक मृत्युमुखी पडले.

हे हौदाचे गणित प्रत्यक्ष रस्त्यावर सोडवण्याचा प्रयत्न पुढे शाळा-कॉलेजातल्या मुलांनी केला. त्या प्रयत्नातून विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांविषयी पुष्कळ शिकण्यासारखे आहे, म्हणून आज त्याची ओळख करून घेऊ.

प्रकल्प कपाटातले आणि रस्त्यावरचे

इंजिनिअरिंग किंवा पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प कसा होतो हे आपल्याला ठाऊक आहे. तिघा-चौघांचा गट, काळ्या रेक्झिनच्या बांधणीवर सोनेरी अक्षरे, परीक्षकांसमोर दहा मिनिटे चालणारे यंत्र किंवा संगणकाच्या पडद्यावरची आज्ञावली, आणि शेवटी 'भविष्यातील वाव' नावाचे एक पान. परीक्षा संपली की वही कपाटात जाते. यात मुलांची बुद्धी कमी पडते असे आम्हाला वाटत नाही. बहुतेक वेळा कमी पडतो तो प्रश्न. प्रकल्पाचा विषय यादीतून निवडलेला असतो. कोणाची तरी अडचण पाहून तो सुचलेला नसतो.

२०१५ च्या सिंहस्थाआधी नाशिकमध्ये वेगळी पद्धत वापरली गेली. अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमधील प्राध्यापक रमेश रासकर हे मूळचे नाशिकचे. त्यांच्या पुढाकाराने २०१४ पासून 'कुंभथॉन' नावाची शिबिरे भरू लागली. विद्यार्थी, अभियंते, डॉक्टर, व्यापारी आणि शासकीय अधिकारी एकत्र बसत. पंधरा-सोळा लाख वस्तीच्या शहरात काही लाख पाहुणे एकदम आले तर पाणी, अन्न, निवारा, आरोग्य आणि रस्ते यांचे काय, याची आधी यादी होई. यंत्राचा विचार त्यानंतर.

अशा प्रश्नांतून जे प्रकल्प उभे राहिले त्यांपैकी एकाचे नाव 'अशिओतो'. हा जपानी शब्द आहे. त्याचा अर्थ पावलांचा आवाज. गटातला एकजण तर तेव्हा अवघा पंधरा वर्षांचा होता. त्यांनी केले काय? रस्त्यावर अंथरायची एक चटई. तिच्यावरून माणूस गेला की नोंद होते आणि ती नोंद लगेच संगणकाकडे जाते. २०१५ च्या मेळ्यात ती वापरली गेली आणि १८ तासांत पाच लाखांहून अधिक माणसे मोजली गेली, असे गटाने नंतर सांगितले.

मोजायचे कशासाठी?

चेंगराचेंगरी म्हणजे माणसे घाबरून पळतात आणि एकमेकांना तुडवतात, असा आपला समज असतो. पुष्कळदा तसे नसते. गर्दी इतकी दाटते की छाती फुगायलाच जागा उरत नाही. माणूस उभ्या-उभ्या गुदमरतो. म्हणजे खरा शत्रू पळापळ नसून दाटी आहे. आणि दाटी मोजता येते.

जमिनीवर १ मीटर लांब आणि १ मीटर रुंद चौकोन आखा. त्यात दोन मुले आरामात उभी राहतील. चार उभी राहिली तर हालचाल अवघड होईल. सहा-सात मोठी माणसे मावतात, पण मग कोणालाच स्वतःच्या इच्छेने हलता येत नाही. मागून आलेला धक्का लाटेसारखा पुढे जातो. गर्दी जणू द्रवासारखी वागू लागते.

वाहण्यालाही मर्यादा असते. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षिततेसाठी वापरल्या जाणाऱ्या मार्गदर्शिकेत सपाट वाटेच्या १ मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसे धरतात. आता वरचा आकडा घ्या. १८ तासांत पाच लाख म्हणजे मिनिटाला सुमारे ४६३. समजा, ही सारी माणसे एकाच वाटेने सारख्या गतीने गेली, तर ती वाट किमान पावणेसहा मीटर रुंद हवी. मध्येच एखादी हातगाडी उभी राहिली तर? हे गणित सातवीच्या वर्गातही करता येईल.

चटईच्या पोटात काय असते?

गर्दी मोजायला कॅमेरा का नको? दाट गर्दीत डोक्यामागे डोकी लपतात, आणि प्रत्येकाचा चेहरा टिपणे सर्वांना रुचेलच असे नाही. मोबाइलवरून मोजावे तर लहान मुले आणि कित्येक वृद्ध यांच्याजवळ तो नसतो. पावले मात्र सर्वांजवळ असतात.

पाऊल ओळखणारा संवेदक मुख्यतः दोन प्रकारे करता येतो. पहिल्यात पीझो स्फटिक वापरतात. काही स्फटिक दाबले की त्यांच्या दोन बाजूंत विद्युतदाब निर्माण होतो, हे पिएर आणि जाक क्यूरी या भावांनी १८८० साली दाखवले. गॅस पेटवण्याच्या लायटरमधली ठिणगी याच गुणामुळे पडते. पण यात एक मेख आहे. दाब बदलतो तेव्हाच हा संवेदक बोलतो. माणूस चटईवर नुसता उभा राहिला तर विद्युतभार हळूहळू ओसरतो आणि संवेदक गप्प होतो.

दुसऱ्या प्रकारात कार्बनचे कण मिसळलेला काळा प्लॅस्टिकचा पापुद्रा दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये ठेवतात. एरवी त्याचा विद्युतरोध बराच असतो. दाब पडला की कण एकमेकांच्या जवळ येतात, पट्ट्याही घट्ट चिकटतात आणि रोध उतरतो. पाऊल असेपर्यंत तो उतरलेलाच राहतो. त्यामुळे उभ्या माणसाचीही दखल घेता येते.

येथपर्यंतचे काम आराखड्याचे. पुढचे आज्ञावलीचे. एका पावलात आधी टाच टेकते, मग चवडा. संगणकाने ही दोन पावले धरता कामा नयेत. म्हणून एकदा नोंद झाली की थोडा वेळ त्याच जागेची नोंद घ्यायची नाही, असा नियम लागतो. माणूस कोणत्या दिशेने गेला हे कळण्यासाठी दोन पट्ट्या शेजारी ठेवायच्या आणि आधी कोणती दबली ते पाहायचे. चटई अरुंद असली तर लांब टांग टाकणारा ती ओलांडून जातो. रुंद असली तर एकच माणूस तिच्यावर दोनदा पाय ठेवतो. गर्दी वाढली की टांग आखूड होते, म्हणजे हिशेब पुन्हा बदलतो. शिवाय ओले पाय, काठ्या, चाकाच्या खुर्च्या आणि बापाच्या खांद्यावर बसलेली मुले. प्रयोगशाळेत यांतले काहीच नसते.

चूक किती, हाच खरा प्रश्न

आता पुन्हा हौदाकडे येऊ. समजा, एक घाट ५०० चौरस मीटरचा आहे. सकाळपासून आत आले २२,००० आणि बाहेर गेले १९,०००. म्हणजे आत ३,००० माणसे आहेत. चौरस मीटरला ६. हा धोका आहे.

पण आत येण्याच्या वाटेवरची चटई शंभरातली पाच माणसे चुकवते असे धरू. ९५ टक्के गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला आपण हुशार म्हणतो. ही चटई २२,००० ऐवजी २०,९०० दाखवील. त्यातून १९,००० वजा केले की उरले १,९००. चौरस मीटरला ३.८. संगणकाच्या पडद्यावर हिरवा दिवा लागेल, आणि प्रत्यक्षात घाटावर माणसे गुदमरू लागलेली असतील.

दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी करून लहान संख्या काढली की मूळची लहानशी चूक अशी मोठी होते. विज्ञानातल्या कितीतरी मोजमापांना हे लागू आहे.

उपाय काय? मजेची गोष्ट अशी की बाहेरच्या वाटेवरची चटईही तितकीच चुकणारी असेल तर ती १९,००० ऐवजी १८,०५० दाखवील. वजाबाकी येईल २,८५०. चौरस मीटरला ५.७, म्हणजे जवळजवळ बरोबर! दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात. एक उत्तम आणि एक सामान्य चटई ठेवण्यापेक्षा दोन सारख्याच सामान्य चटया बऱ्या. पण त्या सारख्या आहेत हे कळणार कसे? त्याला एकच मार्ग आहे. चटईशेजारी माणूस उभा करायचा, हाताने मोजायचे आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहायचे. हे काम कंटाळवाणे असते. आमच्या मते प्रकल्पाची खरी परीक्षा तेथेच होते.

संख्या मागच्यापर्यंत पोचते का?

आज्ञावलीने पुढचाही अंदाज बांधायला हवा. घाटाची सुरक्षित मर्यादा २,००० धरा. आत १,२०० आहेत. मिनिटाला १०० येतात आणि ६० जातात, म्हणजे दर मिनिटाला ४० वाढतात. उरलेली ८०० ची जागा २० मिनिटांत भरेल. पण वाट अडवायचे ठरवले तरी आधीच निघालेले लोक येतच राहतात. तेव्हा इशारा मर्यादेच्या बराच आधी मिळाला पाहिजे, आणि तो योग्य ठिकाणी पोचला पाहिजे.

योग्य ठिकाण कोणते? गर्दीत सर्वात पुढच्या माणसाला त्रास होत असतो आणि सर्वात मागच्याला त्याची कल्पना नसते. पुढे जागा आहे असे समजून तो ढकलत राहतो. म्हणून निरोप मागच्याला हवा. येथे चित्र, रंग आणि ध्वनी यांचे काम सुरू होते. कॉलेजात मल्टीमीडिया म्हणून पुष्कळदा नाचणारी अक्षरे आणि पार्श्वसंगीत दाखवले जाते. सिंहस्थात मराठी, हिंदी, गुजराती, तेलुगू, कन्नड बोलणारे लोक असतात. त्यांतल्या काहींना वाचता येत नाही. त्यांना दुरून दिसेल असा बाण, न वाचता समजेल असे चित्र आणि शांत आवाजातली छोटी सूचना हवी. 'पुढे धोका आहे' असे सांगून भागत नाही. 'थांबा, डाव्या वाटेने चला' असे काय करायचे ते सांगावे लागते.

२०१५ च्या पर्वण्या चेंगराचेंगरीविना पार पडल्या. त्याचे श्रेय एकट्या चटईला देणे बरोबर नाही. नवे घाट, एकेरी वाटा, पोलिस आणि स्वयंसेवक या सर्वांचा त्यात वाटा होता. एका मेळ्यावरून चटईमुळेच हे घडले असे सिद्ध होत नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवे. प्रश्न मात्र संपलेला नाही. २००५ साली मांढरदेवी, २०१७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाचा पूल आणि जानेवारी २०२५ मध्ये प्रयागराज येथे माणसे अशीच गेली. नाशिकच्या पुढच्या सिंहस्थातील मुख्य पर्वण्या २०२७ सालच्या आहेत.

करून पाहा

पुठ्ठ्याचे दोन तुकडे घ्या. दोन्हींच्या एकेका बाजूला ॲल्युमिनियमची फॉइल चिकटवा. फॉइलच्या बाजू समोरासमोर ठेवून मध्ये पातळ स्पंज घाला. स्पंजला रुपयाच्या नाण्याएवढी भोके पाडायला विसरू नका. दोन्ही फॉइलना एकेक तार जोडा. दोन सेल आणि एक बझर जोडला की पाय पडताच आवाज येईल. बहुतेक साध्या कॅल्क्युलेटरवर '१ + १' करून '=' ही कळ पुन्हापुन्हा दाबली की दर वेळी एक मिळवला जातो. जुना कॅल्क्युलेटर उघडून सेल आणि बझरऐवजी या दोन तारा '=' च्या कळीखालच्या दोन टोकांना जोडता आल्या, तर मोजणारे यंत्र तयार!

शाळा सुटताना ही चटई दारात ठेवा. दोन मुलांना बाजूला उभे करून हाताने मोजायला सांगा. दोन आकडे जुळणार नाहीत. का जुळले नाहीत याची कारणे मुलांनाच शोधू द्या. दुसऱ्या दिवशी चटईची रुंदी बदलून पुन्हा मोजा. आठवडाभराच्या नोंदींचा आलेख काढा.

आणि एखादा माजी विद्यार्थी कॉलेजच्या प्रकल्पाविषयी विचारायला आला तर त्याला तीन प्रश्न जरूर विचारा. हे कोणासाठी? हे किती चुकते, आणि तू ते कसे मोजलेस? वीज गेली तर काय? या तिन्हींची उत्तरे ज्या वहीत असतील तिच्यावर सोनेरी अक्षरे नसली तरी चालतील.

आपल्या शाळेच्या दारात केलेल्या मोजणीचे आकडे, चुकांसकट, आम्हाला कळवा. चुकांची नोंद आम्ही आधी वाचू.