ग्रुप खासगी, पण कोणापासून?

मार्च 2025 मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष, संरक्षणमंत्री आणि राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार सिग्नल ॲपवरच्या एका ग्रुपमध्ये येमेनमधल्या हूथींवर करायच्या हवाई हल्ल्यांची चर्चा करत होते. विमानं किती वाजता उडणार, हेसुद्धा तिथे लिहिलं गेलं. 24 मार्चला ‘द अटलांटिक’ या मासिकाचे संपादक जेफ्री गोल्डबर्ग यांनी जाहीर केलं की आपण हे सगळं आत बसून वाचत होतो. सुरक्षा सल्लागारांच्या खात्यावरूनच त्यांना ग्रुपमध्ये घेतलं गेलं होतं. ते पुढे स्वतःहून बाहेर पडले, तेव्हाही कोणी ‘तुम्ही कोण?’ असं विचारलं नाही. सिग्नलची सुरक्षा कोणी भेदली नव्हती. ठरावीक मुदतीनंतर संदेश पुसले जाण्याची सोयही लावलेली होती, पण तोवर स्क्रीनशॉट निघाले होते.

सोसायटी, गणेशोत्सव मंडळ, भिशी, शाळेचे पालक, भाऊबंदकीचा दावा लढवणारे चुलत भाऊ, असे आपलेही ग्रुप असतात. तिथे विमानं नसतात, पण कोणाची किती थकबाकी आहे, कोणाच्या घरी काय चाललंय, हे असतंच. ‘आपला ग्रुप खासगी आहे’ असं म्हणताना तो कोणापासून खासगी आहे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. कंपनीपासून, सरकारपासून, शेजाऱ्यापासून की ग्रुपमधल्याच एखाद्यापासून? प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे, आणि बहुतेक गैरसमज या चौघांची सरमिसळ केल्यामुळे होतात.

‘एनक्रिप्टेड आहे, म्हणजे कोणीच वाचू शकत नाही’

यातला अर्धा भाग खरा आहे. एप्रिल 2016 पासून व्हॉट्सॲपवरचे सगळे संदेश, ग्रुपमधलेसुद्धा, एंड-टू-एंड एनक्रिप्टेड असतात. त्यासाठी वापरलेली पद्धत मुळात सिग्नलच्या मंडळींची. ग्रुपमध्ये प्रत्येक सदस्याचा फोन स्वतःची एक किल्ली तयार करतो आणि ती बाकीच्यांच्या फोनला वेगवेगळी, गुप्तपणे पोचवतो. मग तुम्ही लिहिलेलं एकदाच बंद होऊन सर्व्हरवर जातं आणि तिथून सगळ्यांकडे. सर्व्हरकडे किल्ली नसते. कोणी ग्रुप सोडला की उरलेले फोन नव्या किल्ल्या तयार करतात, म्हणजे गेलेल्याला पुढचं वाचता येऊ नये. रचना खरोखर पक्की आहे.

पण ती वाटेपुरती. संदेश फोनवर पोचला की उघडा होतो, आणि ऐंशी जणांचा ग्रुप असेल तर ऐंशी फोनांवर. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबईत अमली पदार्थांच्या तपासात चित्रपटसृष्टीतल्या लोकांचे तीन वर्षं जुने संदेश वाहिन्यांवर झळकले, तेव्हा घरोघरी ‘व्हॉट्सॲप फुटलं’ असं बोललं गेलं. व्हॉट्सॲप फोडायची गरजच नसते. फोन ताब्यात असला, किंवा गूगल ड्राइव्ह वा आयक्लाउडवरचा बॅकअप मिळाला, की पुरतं. त्या वेळी बॅकअपला एंड-टू-एंड एनक्रिप्शन नव्हतंच. ऑक्टोबर 2021 मध्ये तशी सोय आली, पण ती आपण सेटिंगमध्ये जाऊन चालू करायची आहे. तुम्ही ती केलीत आणि ग्रुपमधल्या एकाने केली नाही, तर सगळं संभाषण त्याच्या बॅकअपमध्ये तसंच पडून राहतं.

आणखी दोन गोष्टी लोकांना माहीत नसतात. ग्रुपची तक्रार करण्याचं बटण कोणी दाबलं की शेवटचे पाच संदेश कंपनीकडे जातात आणि तिथली माणसं ते वाचू शकतात. शिवाय संदेशातला मजकूर कंपनीला दिसत नसला, तरी कोण कोणत्या ग्रुपमध्ये आहे, ग्रुपचं नाव काय, हे तिला कळतं. ‘अमुक रोगाचे रुग्ण’ किंवा ‘तमुक बिल्डरविरोधी कृती समिती’ या नावाच्या ग्रुपचं अर्धं गुपित नावातच फुटलेलं असतं. सिग्नलने ग्रुपची सदस्ययादी आणि नाव आपल्याच सर्व्हरला कळू नये अशी रचना केली आहे. 2016 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून त्यांच्याकडे एका खात्याची माहिती मागितली गेली, तेव्हा खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढंच त्यांना देता आलं. बाकी काही जवळ नव्हतंच.

‘टेलिग्राम जास्त गुप्त’

हा समज महाराष्ट्रात इतका घट्ट का रुजला, याचं मला कुतूहल आहे. बहुधा स्पर्धा परीक्षांच्या ग्रुपमुळे. नोट्सच्या पीडीएफ, जुन्या प्रश्नपत्रिका, रात्री दोन वाजता येणाऱ्या उत्तरतालिका सगळं तिथेच मिळतं, आणि आपला नंबर अनोळखी लोकांना न दाखवता राहता येतं. पण नंबर लपणं वेगळं आणि संदेश बंद असणं वेगळं.

टेलिग्रामवर संदेशांना एंड-टू-एंड एनक्रिप्शन फक्त ‘सीक्रेट चॅट’मध्ये मिळतं. ते दोघांपुरतं असतं आणि मुद्दाम सुरू करावं लागतं. ग्रुपला ते मिळतच नाही, मग ग्रुप दहा जणांचा असो की दोन लाखांचा (तिथली कमाल मर्यादा तीच). ग्रुपमधले संदेश कंपनीच्या सर्व्हरवर असतात आणि किल्ल्याही कंपनीकडेच. ते बाहेर द्यायचे की नाही, हा तंत्राचा नव्हे, कंपनीच्या धोरणाचा प्रश्न उरतो. ऑगस्ट 2024 मध्ये टेलिग्रामचे संस्थापक पावेल दुरोव यांना पॅरिसजवळच्या ल बुर्जे विमानतळावर अटक झाली. पुढच्याच महिन्यात, वैध कायदेशीर मागणी आल्यास नियम मोडणाऱ्यांचे फोन नंबर आणि आयपी पत्ते देऊ, असं कंपनीने आपल्या अटींमध्ये लिहिलं. धोरण महिन्याभरात बदलतं, ते असं.

झूमची गोष्ट याहून बोलकी. 2020 च्या टाळेबंदीत मुंजी, बारशी, संचालक मंडळाच्या सभा सगळं झूमवर होत होतं, आणि कंपनी आपली सेवा एंड-टू-एंड एनक्रिप्टेड असल्याचं सांगत होती. ती तशी नव्हती. किल्ल्या कंपनीच्या हातात होत्या. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आपल्या केंद्रीय गृह मंत्रालयाने झूम सरकारी कामासाठी वापरू नये अशी सूचना काढली, आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याच दाव्यावरून कंपनीशी तडजोडीचा करार केला. खरं एंड-टू-एंड एनक्रिप्शन मधल्या काळात, ऑक्टोबरमध्ये आलं, तेही आपण निवडल्यास.

ऑफिसच्या स्लॅक, टीम्स किंवा गूगल चॅटबद्दल एकच वाक्य पुरे: ते खातं तुमचं नाही, कंपनीचं आहे, आणि मालकाने योग्य योजना घेतली असेल तर तुमचे दोघांमधले ‘खासगी’ संदेशही तो काढून वाचू शकतो. साहेबाची टिंगल स्वतःच्या फोनवर करावी.

लाल खुणा आणि मेटा एआय

‘दोन निळ्या आणि एक लाल खूण दिसली की सरकार कारवाई करणार’ हा फॉरवर्ड दर दोन-तीन वर्षांनी उगवतो. केंद्र सरकारच्या पीआयबीने तो खोटा असल्याचं अनेकदा सांगून झालं आहे. व्हॉट्सॲपमध्ये तिसरी खूणच नाही. 2025 मध्ये त्याचा नवा अवतार आला: मेटा एआय तुमच्या ग्रुपमधलं सगळं वाचतं, ताबडतोब ‘ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ चालू करा. मेटा एआयला उद्देशून लिहिलेला किंवा त्याला मुद्दाम दिलेला मजकूरच त्याच्यापर्यंत जातो, बाकीचं संभाषण नाही. ती सेटिंग उपयोगाची आहे, पण वेगळ्या कारणासाठी: ती चालू केली की कोणाला चॅट एक्स्पोर्ट करता येत नाही आणि फोटो-व्हिडिओ आपोआप फोनमध्ये साठत नाहीत. स्क्रीनशॉट मात्र ती थांबवत नाही.

‘लिंक फक्त आपल्यातच पाठवलीय’

फेब्रुवारी 2020 मध्ये लक्षात आलं की व्हॉट्सॲप ग्रुपांच्या कितीतरी आमंत्रण-लिंका गूगलवर शोधल्या तर सापडतात. कोणी हॅकिंग केलं नव्हतं. लोकांनी त्या लिंका कुठल्या ना कुठल्या उघड्या पानावर टाकल्या होत्या आणि गूगलने नेहमीप्रमाणे ती पानं नोंदवली. लिंक कोणाला पाठवली याला अर्थ नाही; ती ज्याच्या हाती पडेल तो आत. म्हणून सगळे आले की ॲडमिनने जुनी लिंक रद्द करावी. नव्या सदस्याला आत घेण्याआधी ॲडमिनची मंजुरी लागेल, अशी सोयही 2023 पासून आहे.

गूगल शीट आणि डॉक्समध्ये हाच घोळ जास्त महाग पडतो, कारण तिथे गप्पा नसतात, याद्या असतात. सोसायटीच्या थकबाकीदारांची यादी, वर्गणीदारांचे नंबर, परदेशातल्या मराठी मंडळाच्या अधिवेशनाला येणाऱ्यांचे पत्ते आणि जेवणाच्या आवडीनिवडी. नवी फाइल मुळात बंदच असते. पण पंचवीस जणांचे ईमेल पत्ते एकेक करून कोण टाकणार, म्हणून सचिव ‘लिंक असलेले कोणीही’ हा पर्याय निवडतात आणि वर ‘संपादक’ही करून ठेवतात. मग ती लिंक व्हॉट्सॲपवर फिरते आणि कोणी पाहिली याचा हिशेब राहत नाही. संपादकाचा हक्क मिळालेल्याला फाइलची जुनी रूपंही उघडता येतात, त्यामुळे ‘ती नावं आम्ही काढून टाकली’ या म्हणण्याला अर्थ नाही. काढलेली नावं तीन क्लिकवर परत दिसतात.

‘सगळ्यांसाठी डिलीट केलं’ याचीही गत तीच. 2017 मध्ये ही सोय आली तेव्हा सात मिनिटांची मुभा होती, 2022 पासून दोन दिवसांहून थोडी जास्त आहे. पण अँड्रॉइडच्या नोटिफिकेशन हिस्टरीत तो मजकूर राहिलेला असू शकतो, आणि ‘हा संदेश डिलीट केला आहे’ ही ओळ वाचून उत्सुकता वाढते ती वेगळीच.

‘काहीही झालं तरी ॲडमिन जेलमध्ये’

या एका समजापायी अनेक भल्या माणसांनी ॲडमिनपद सोडलं आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव पोलीस ठाण्यात 2016 मध्ये एक गुन्हा नोंदवला गेला. ग्रुपमधल्या एका सदस्याने एका महिला सदस्याविषयी अश्लील भाषा वापरली, ॲडमिनने त्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, म्हणून ॲडमिनही आरोपी. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं आणि मार्च 2021 मध्ये खंडपीठाने ॲडमिनवरचा गुन्हा आणि आरोपपत्र रद्द केलं. न्यायालयाचा मुद्दा साधा होता. ॲडमिनच्या हातात सदस्य घेणं आणि काढणं एवढंच आहे. कोण काय लिहिणार हे त्याला आधी ठरवता येत नाही. त्याचा आणि लिहिणाऱ्याचा आधीपासून मिळून काही बेत होता असं दिसत नसेल, तर दुसऱ्याच्या करणीची फौजदारी जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही. पुढच्या वर्षी केरळ उच्च न्यायालयानेही याच धर्तीचा निकाल दिला.

याचा अर्थ ॲडमिनला अभय मिळालं असा नाही. तो स्वतः तसा मजकूर टाकेल किंवा कटात सामील असेल, तर तो इतर कोणाहीसारखाच आरोपी. निवडणुका किंवा सणांच्या तोंडावर पोलीस ॲडमिनना समज देतात ती वेगळी बाब, आणि ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही. शिवाय निकालानंतर एक गोष्ट बदलली आहे: 2022 मध्ये व्हॉट्सॲपने ॲडमिनला कोणाही सदस्याचा संदेश सगळ्यांसाठी पुसण्याचा अधिकार दिला. संदेश येण्याआधी अडवणं त्याला अजूनही जमत नाही, त्यामुळे मूळ तर्क टिकतो असं मला वाटतं. पण ‘हातात साधन असून पुसलं का नाहीस?’ हा प्रश्न एखादा वकील विचारणारच. वातावरण तापलं असेल तेव्हा काही तासांपुरतं ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ करून ठेवणं, हा 2018 पासून असलेला उपाय फारसा कोणी वापरत नाही.

‘ग्रुप मंडळाचा आहे’

नाही, तो एका माणसाच्या नंबरावर आहे. व्हॉट्सॲपवर ज्याने ग्रुप काढला त्याला दुसरा ॲडमिन पदावरून उतरवू शकत नाही. तो स्वतः बाहेर पडेपर्यंत ॲडमिनच राहतो. कार्यकारिणी बदलली, भांडण झालं, तरी चावी जुन्या अध्यक्षाकडे. आणि एकमेव ॲडमिन निघून गेला, तर उरलेल्यांपैकी कोणीतरी आपोआप ॲडमिन होतो. तो कोण असावा, हे सभेत ठरत नाही.

गूगल ड्राइव्हवरच्या फायलींचं याहून बिकट. त्या ज्याच्या जीमेलवर बनल्या त्याच्या मालकीच्या, मग बाकीच्या सगळ्यांनी त्यात कितीही भर घातलेली असो. सचिवांनी दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवलं, नवा ईमेल घेतला, जुना उघडणं सोडून दिलं, तर दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती आतल्या सगळ्या सामग्रीसकट पुसण्याचं धोरण गूगलने डिसेंबर 2023 पासून लागू केलं आहे. म्हणून पदभार सोपवण्याच्या दिवशी शिक्का, चेकबुक आणि इतिवृत्ताच्या वहीबरोबर फायलींची मालकीही नव्या सचिवांच्या नावावर करून घ्यावी. शेअरिंगच्या खिडकीत नव्या सचिवांच्या नावापुढे तसा पर्याय असतो, आणि त्यांनी ईमेलमधून होकार दिल्याशिवाय तो पुरा होत नाही.