पोलादी लक्ष्य आणि नेमबाजांची सुरक्षितता

कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात कांस्यपदक पटकाविले. खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत मिळविलेल्या कांस्यपदकानंतर महाराष्ट्रातील खेळाडूला लाभलेले हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. असे यश पाहून आपल्या शाळेतही एअर रायफलचा सराव सुरू व्हावा, असे शिक्षकांना व ग्रामस्थांना वाटणे स्वाभाविक आहे. मात्र रायफल आणण्यापूर्वी एका प्रश्नाचा विचार झाला पाहिजे. लक्ष्यावर आदळलेला छर्रा पुढे कोठे जातो?

छर्रा परत का येतो?

स्पर्धेच्या एअर रायफलचा शिशाचा छर्रा ४.५ मिलिमीटर व्यासाचा व सुमारे अर्धा ग्रॅम वजनाचा असतो. तो सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने निघतो. कागदी लक्ष्य त्याला अडवीत नाही. त्याला अडविते ती कागदामागील पोलादी प्लेट. शिसे मऊ असल्याने आदळताच छर्रा चपटा होतो व त्याचे कण प्लेटच्या पृष्ठभागालगत चहूकडे उडतात. प्लेट अगदी उभी असल्यास चपटा झालेला छर्रा नेमबाजाच्या दिशेने उलटू शकतो. डोळ्याला इजा होण्यास एवढे पुरेसे आहे.

प्लेटवर खळगे पडले असल्यास धोका वाढतो. खळग्यात शिरलेले शिसे त्याच्या कडांवरून वळून मागे फेकले जाते. म्हणून पृष्ठभाग सपाट, गुळगुळीत व कठीण असला पाहिजे. खळगे पडलेली किंवा वाकलेली प्लेट तत्काळ बदलावी. पोलादी गोल छर्रे तर पोलादी लक्ष्यावर कधीही झाडू नयेत. ते चपटे होत नाहीत, त्यामुळे मोठ्या वेगाने उसळून परततात.

बसविण्याची पद्धत

टांगावयाच्या प्लेटची वरची कड नेमबाजाकडे झुकलेली असावी, म्हणजे उडालेले शिसे जमिनीकडे वळते. हा कल सुमारे २० अंशांचा ठेवतात. तो तपासण्यासाठी गवंड्याचा ओळंबा पुरेसा आहे. ३० सेंटिमीटर उंचीच्या प्लेटच्या वरच्या कडेवरून ओळंबा सोडला असता खालची कड त्या दोरीच्या सुमारे १० सेंटिमीटर मागे असावी. साखळीने टांगलेली प्लेट आघाताबरोबर थोडी मागे सरते व आघाताचा काही जोर शोषून घेते. बोल्टची डोकी, साखळीच्या कड्या किंवा अँगलच्या कडा छर्ऱ्याच्या मार्गात येऊ देऊ नयेत. तेथे आदळलेला छर्रा कोणत्या दिशेने उडेल हे सांगता येत नाही. उभारणीच्या पायांवर वाळूची पोती ठेवावीत.

कागदी लक्ष्यामागे पोलादी पेटी वापरावयाची असल्यास तिच्या आतील प्लेट याच तत्त्वावर तिरपी असावी व खाली छर्रे साठविणारा कप्पा असावा. १० मीटर एअर रायफल प्रकारात लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४ मीटर उंचीवर असतो. पेटीमागे दार, खिडकी वा रस्ता नसावा. पक्की भिंत किंवा मातीचा उंच बांध असावा.

हे सर्व नियम एअर रायफलपुरतेच आहेत. काडतुसाच्या बंदुकीसाठी अधिक कठीण व जाड पोलाद, अधिक अंतर आणि अधिकृत मैदान लागते. तसा सराव शाळेच्या आवारात होऊ नये.

रोजची शिस्त

नेमबाजांसह मागे उभे राहणाऱ्या प्रत्येकाने संरक्षक चष्मा घालावा. सर्व रायफली रिकाम्या करून खाली ठेवल्याची खात्री पटल्यावर व प्रशिक्षकाने आज्ञा दिल्यावरच कोणीही लक्ष्याकडे जावे. शिशाची धूळ शरीरात जाणे मुलांना विशेष घातक असते. म्हणून जागा कोरड्या झाडूने झाडू नये. ओल्या फडक्याने पुसावी. सरावानंतर साबणाने हात धुतल्याखेरीज काही खाऊ नये. गोळा झालेले शिसे बंद डब्यात, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे.

सराव सुरू करण्यापूर्वी जागा व साधनांविषयी पोलीस ठाण्याकडून आवश्यक अटी समजून घ्याव्यात. प्लेटचा कल, पृष्ठभाग व बोल्ट दर सरावापूर्वी तपासून नोंदवहीत स्वाक्षरी करण्याची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीवर सोपवावी. शाळा समितीने वा ग्रामपंचायतीने ती नोंदवही वेळोवेळी पाहावी. ओळंबा, साधा चष्मा व ही नोंदवही यांवर होणारा खर्च अल्प आहे. परंतु एखाद्या विद्यार्थ्याची दृष्टी गेल्यास ती कोणत्याही खर्चाने परत आणता येत नाही.