सायकलची उंची आणि साठीनंतरचा तोल

साठी ओलांडलेले सायकलस्वार पुष्कळदा वेगात असताना नव्हे, तर थांबताना पडतात. पाय टेकवायला जावे आणि जमीन दोन बोटे खाली राहावी! हाडे ठिसूळ झालेल्या वयात खुब्याच्या अस्थिभंगास एवढे निमित्त पुरते.

माझे एक सत्तरीचे रुग्ण मुलाची माउंटन बाइक चालवतात. दीर्घ आजारात त्यांचे वजन बरेच घटले. बरे झाल्यावर ते म्हणाले, "डॉक्टर, सायकल उंच झाल्यासारखी वाटते." तो भास नव्हता. मागच्या शॉकमधील हवा जुन्या वजनानुसार भरलेली होती. स्वार बसल्यावर शॉक आपल्या एकूण चालीच्या साधारण २५ ते ३० टक्के दबावा. तेवढा तो दबत नव्हता. हवा कमी करताच सायकल थोडी खाली बसली.

मग केवळ सीट खाली का घेऊ नये? पेडल तळाशी असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंश वाकलेला असावा. सीट फार खाली घेतल्यास तो अधिक वाकतो आणि वाटीमागे ताण येतो.

यावर मेकॅनिक 'ऑफसेट बुश' सुचवतात. शॉक जेथे फ्रेमला जोडलेला असतो, तेथील या बुशचे छिद्र मध्यापासून किंचित बाजूला असते. त्यामुळे शॉक जणू एक-दोन मिलिमीटर आखूड होतो आणि फ्रेमचा मागचा भाग खाली येतो. सीट व पेडल दोन्ही एकत्र उतरत असल्याने गुडघ्याचे माप मात्र बिघडत नाही.

परंतु याची किंमतही मोजावी लागते. पुढचा काटा सुमारे अर्धा ते एक अंश अधिक कलतो. संथ गतीत हँडल एका बाजूला झुकू पाहते. पेडल खाली आल्याने दगडाला घासू शकते. म्हणून आधी हवा, मग सीट आणि शेवटी बुश, हाच क्रम ठेवावा. बुश बसवण्यास उत्पादकाची मुभा आहे ना, आणि शॉक पूर्ण दबल्यावर चाक फ्रेमला लागत नाही ना, हे मेकॅनिककडून तपासून घ्यावे.

घरच्यांनी एवढे करावे: वडीलधाऱ्यांचे वजन बदलले, की औषधांच्या मात्रेप्रमाणेच सायकलची हवाही पुन्हा पाहावी. उभे राहताना चक्कर येत असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर सायकलला हात लावण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.