फटफटीच्या आवाजाची चाळीस वर्षे

26 ऑगस्ट 1982ला चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. तेव्हापासून आलापल्ली-सिरोंचाच्या वाटेवर कितीतरी फटफट्या आल्या नि गेल्या. सागाच्या रानात गाडी दिसायच्या आधी ऐकू येते, त्यामुळे त्या सगळ्या आमच्या कानांत बसल्या आहेत. सायलेन्सर आवाज मऊ करतो किंवा धारदार. लय मात्र आत, क्रँकशाफ्टवर ठरते.

आधीचा जमाना बुलेटचा. 346 सीसी, एकच सिलिंडर, 70 मिमी बोअर आणि 90 मिमीचा लांब स्ट्रोक. क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट. उरलेला वेळ इंजिन ओढून न्यायचे काम क्रँकपिनच्या दोन्ही अंगांच्या जाडजूड फ्लायव्हीलचे. गॅरेजात उघडलेली ती क्रँक उचलून पाहावी, म्हणजे बुलेटचा स्वभाव हातालाच कळतो. मागे धानाचे पोते बांधून चिखलाच्या पांदणीतून अगदी सावकाश नेली तरी ती बंद पडत नसे. पण तेच वजन तिला चटकन उसळू देत नसे आणि वेग वाढवला की हँडल थरथरून मनगटे बधिर होत.

1985ला आरएक्स 100 आली आणि सगळेच पालटले. 98 सीसी, बोअर-स्ट्रोक दोन्ही 50 मिमी, क्रँक हलकी. शिवाय टू-स्ट्रोक, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला स्फोट. मूठ पिळताच ती किंचाळत सुटे.

पुढे बुलेटच्याच घराण्यात, 2020च्या मीटिअरपासून, 350च्या नव्या इंजिनात क्रँकच्या उलट दिशेने फिरणारा बॅलन्सर शाफ्ट आला. पिस्टनचा धक्का तो बराचसा खोडून काढतो. आलापल्लीहून सिरोंचा गाठणाऱ्याच्या कंबरेला यातला फरक विचारावा! बुलेटच्या जुन्या ठोक्यासाठी हळहळणाऱ्यांत मी नाही.

माझ्या मते खरी कमाल त्याच घराण्यातल्या 2018च्या दोन सिलिंडरांच्या 650 ट्विनची. तिच्या क्रँकपिना 270 अंशांवर आहेत. एक पिस्टन टोकाला क्षणभर थांबतो तेव्हा दुसरा मध्यावर भरवेगात असतो, त्यामुळे क्रँकचे फिरणे एकसारखे राहते. स्फोट मात्र 270 आणि 450 अंशांच्या अंतराने होतात, म्हणून आवाज अडखळत, घुमत येतो. आणि तरी गाडी सात हजार आरपीएमपर्यंत सहज चढते.

ठोका हवा तर तो असा क्रँकमधून यावा. सायलेन्सर कापून नुसता गोंगाट वाढतो, आणि तो ताडोब्याच्या जंगलाच्या बफरमधल्या गावांतून, पाणवठ्यालगतच्या रस्त्यांनी नेणे मला मुळीच पटत नाही.