सागरी हवा आणि मोटार उचलणारी लिफ्ट

वांद्र्याच्या पश्चिमेस अरबी समुद्र व दक्षिणेस माहीमची खाडी असल्याने तेथील गॅरेजांतील लोखंड वर्षभर क्षारयुक्त हवेत राहते. मोटार उचलणाऱ्या लिफ्टवर छप्पर असले की ती सुरक्षित, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा होय. उघड्यावरील लोखंडावर साचलेले मीठ पावसाने बरेचसे धुऊन जाते. छपराखालचे तसेच राहते. सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतील बाष्प शोषून विरघळते, आणि पावसाळ्यात मुंबईची हवा बहुधा या मर्यादेपलीकडेच असते. त्यामुळे पाण्याचा थेंबही न पडता गंज चढतो.

याचा मोठा धोका दोनखांबी लिफ्टच्या तारदोरास पोहोचतो. वरून वंगणाने काळाभोर दिसणारा दोर आतल्या पदरांत गंजलेला असू शकतो. म्हणून भार उतरवून, दोर सैल करून, कप्पीवरून जाणारा भाग विशेषत्वाने तपासावा. तुटलेल्या तारा, घटलेला व्यास किंवा पदरांतून निघणारी तांबूस पूड आढळल्यास दोर बदलणेच इष्ट. वंगण चोपडण्यापूर्वी गोड्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने मीठ पुसून भाग कोरडा करावा. एरवी ते वंगणाखालीच कोंडले जाते, आणि घाईच्या दिवसांत नेमके हेच घडते.

टाकीतील तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले असे समजावे. तथापि उचललेल्या मोटारीखाली काम करणाऱ्या कारागिराचा जीव तेलाच्या दाबावर नव्हे, तर खांबांतील खटक्यांवर अवलंबून असतो. गंजाने अडकलेला खटका बाहेरून ओळखू येत नाही. यास्तव रिकामी लिफ्ट चढवून दोन्ही खांबांतील खटके बरोबर बसतात किंवा कसे, हे पावसाळ्यात रोज कामापूर्वी पाहावे.