धक्कालहरींनी पित्ताशयातले खडे फोडता येतात का?

मुतखडा न कापता फोडतात, मग पित्ताशयातला खडा का नाही? हा प्रश्न अनेक रुग्ण विचारतात आणि तो अगदी रास्त आहे.

हे तंत्र जन्मले जर्मनीत, विमाने बनवणाऱ्या डॉर्नियर कंपनीत. 1980 मध्ये म्युनिकला पहिल्यांदा मुतखडा असा फोडला गेला. 1985 मध्ये तिथेच पित्ताशयातल्या खड्यांवर प्रयोग झाला. शरीराबाहेर निर्माण केलेल्या लहरी नेमक्या खड्यावर एकवटतात. मऊ ऊतकांतून त्या बऱ्याचशा निर्धोक पार होतात आणि कठीण खड्याला मात्र तडे जातात.

खरी अडचण पुढे असते. मुतखड्याचा चुरा लघवीवाटे वाहून जातो. पित्ताशयातले तुकडे अरुंद पित्तनलिकेतूनच उतरायला हवेत. म्हणून ते विरघळवणाऱ्या अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या कित्येक महिने घ्याव्या लागतात. शिवाय खडे तयार करणारे पित्ताशय जागेवरच राहते, त्यामुळे अनेकांना काही वर्षांत पुन्हा खडे होतात.

योगायोग असा, की त्याच 1985 मध्ये जर्मनीतच एरिक म्युहे यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढले. पुढे हीच पद्धत रूढ झाली, आणि ते योग्यच झाले.

तरीही धक्कालहरी बाद झालेल्या नाहीत. एंडोस्कोपीने न निघणारे पित्तनलिकेतले मोठे खडे आणि स्वादुपिंडाच्या नलिकेतले खडे फोडायला त्या आजही वापरतात. हैदराबादच्या एआयजी रुग्णालयाचा यात मोठा अनुभव आहे.

पोटदुखीसोबत ताप किंवा कावीळ दिसली, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.