गडावरचं पाणी आणि तोफेचा आवाज

पाटणहून दातेगडावर चढलेला माणूस कोयनेचं खोरं न्याहाळायच्या आधी विहिरीकडे वळतो. कातळात कोरलेली ही विहीर वरून तलवारीच्या आकाराची दिसते. पायऱ्या उतरत गेलं की गारवा अंगाला लागतो आणि ठरलेला प्रश्न येतो : एवढ्या उंचावर पाणी येतं कुठून?

कुणीतरी भुयारी झऱ्याची गोष्ट सांगतंच. खरं उत्तर डोक्यावरच्या पावसात आणि पायाखालच्या दगडात आहे.

सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची चवड, भाकरीची असते तशी. काही भाकरी टम्म फुगून पापुद्रा सुटलेल्या, काही घट्ट. वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ झालेला, तडकलेला थर पाणी पितो. खालचा अखंड कातळ किंवा दोन थरांमधली तांबडी चिकणमाती ते अडवते. पाणी अडतं तिथे झरा फुटतो. जाणत्या पाथरवटानं घट्ट कातळात टाकं खोदलं की पावसाचं पाणी साठतं आणि निघालेला दगड तटाला लागतो. ही चवड किती जाड? कोयना परिसरात गोठणे इथे ३ किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा ती सव्वा किलोमीटरवर संपली. खाली ग्रॅनाइटी खडक लागला.

या विषयातला एक जाणकार मात्र विज्ञानाच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही : मराठा राज्याचे रामचंद्रपंत अमात्य. १७१५च्या सुमाराच्या 'आज्ञापत्र' या राज्यकारभारावरच्या ग्रंथात ते बजावतात की आधी पाणी बघा, मग किल्ला बांधा. पाणी नसेल तर खडक फोडून टाकी करा. झरा असला तरी त्यावर विसंबू नका, कारण लढाईत तोफांच्या आवाजानं झरे आटतात आणि पाण्याचा खर्चही वाढतो. म्हणून जखिऱ्याची टाकी वेगळी ठेवा, त्यांना हात लावू नका.

आवाजानं झरा आटतो? ऐकायला भाबडं वाटतं. पण याच खोऱ्यात ११ डिसेंबर १९६७ला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि पुढे १९९०च्या दशकात राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं कोयना-वारणा पट्ट्यात, म्हणजे सातारा-सांगलीच्या डोंगरांत, निरीक्षणासाठी २१ विंधनविहिरी घेतल्या. इथल्या काही भूकंपांच्या वेळी त्यांतली पाण्याची पातळी काही सेंटिमीटरनं हललेली नोंदली गेली. खडक दाबला किंवा ताणला गेला की भेगांमधलं पाणी सरकतं.

अर्थात अमात्यांना भूकंपशास्त्रज्ञ ठरवायची घाई नको. तोफेच्या दणक्याची ताकद भूकंपापुढे अगदीच किरकोळ. वेढ्यात शिबंदी वाढते, टाकी भराभर रिकामी होतात. त्यांनीच दिलेलं हे दुसरं कारण जास्त पटतं. पहिलं तपासायचं तर एखाद्या गडावर तोफ डागून झऱ्याची धार मोजावी लागेल. त्यासाठी आधी चालू स्थितीतली तोफ हवी, आणि मग पुरातत्त्व खात्याची परवानगी.